नाव नंतर ठरवू

पोर्ट ऑल्डनमधला माणूस स्वतःच्या मुलीने कोणाशी लग्न करावं याबद्दल एकवेळ गप्प बसेल, पण रिव्हेटर्सनी कोणाला विकावं आणि कोणाला घ्यावं याबद्दल गप्प बसणारा मला अजून भेटलेला नाही. आमचा दाताचा डॉक्टर तुमच्या तोंडात दोन्ही हात घालून तुम्हाला हेच विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. रिव्हेटर्स म्हणजे आमचा बेसबॉलचा संघ. तो हरतो. पूर्वी हरायचा तेव्हा निदान लोकांना लाज वाटायची. मग संघाचा नवा जनरल मॅनेजर आला, प्रेस्टन हॅल्सी नावाचा, भर जुलैत लोकरीचं जाकीट घालून हिंडणारा. त्याने सांगितलं की हे हरणं नसून उभारणी आहे. तेव्हापासून आम्ही ताठ मानेने हरतो.

त्या संघात जिंकायची सवय असलेला एकच माणूस होता, आणि तो माझा भाचा. कॅझ डोम्ब्रोस्की, पिचर. तो चेंडू टाकायला उभा राहिला की समोरचे नावाजलेले बॅटर हवेत बॅट फिरवून मान खाली घालून परत जायचे. माझी बहीण लवकर गेली, त्यामुळे कॅझ अर्धाअधिक माझ्याच स्वयंपाकघरात वाढला. त्याचा बाप पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. पुढे कारखाना पाडला आणि त्याच जागेवर हे मैदान उभं केलं. कॅझचं पक्कं म्हणणं असं की तो जिथे उभा राहून चेंडू टाकतो, बरोबर तिथेच बापाची भट्टी होती. खरं म्हणजे ती भट्टी गाड्या लावायच्या जागेत येते, हे गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, पण त्याला कोणी कधी सांगितलं नाही. तेवढी माणुसकी आमच्यात आहे.

सामना संपला की कॅझ खांद्याला पिशवी अडकवून घरी चालत यायचा. लाखालाखाच्या गाड्या असलेल्या खेळाडूंमध्ये हा एकटा पायी. वाटेत माझ्या दारात थांबून थंडगार कोबी खायचा आणि म्हणायचा, "मावशी, मला दुसरं काही नको. शेवटचा चेंडू इथे टाकायचा आणि घरी चालत यायचं. बास."

आणि ते त्याच्या हातात होतं. बेसबॉलमध्ये एक नियम आहे. ज्याने या लीगमध्ये दहा वर्षं काढली, आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात काढली, त्याला त्याच्या सहीशिवाय दुसऱ्या संघाला देता येत नाही. कॅझने दहाच्या वर वर्षं काढली होती, सगळी इथेच. म्हणजे हॅल्सीने कितीही डोकं आपटलं तरी कॅझ नाही म्हणाला की विषय संपला. बाकीचे खेळाडू खुर्च्या-टेबलांसारखे इकडून तिकडे जात-येत असतात. हा एकच माणूस जमिनीत रोवलेला होता.

जुलै संपता संपता खेळाडूंचा बाजार बंद होतो, आणि त्याच सुमाराला आमच्या सेंट हेडविग चर्चची जत्रा असते. त्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी बातमी फुटली. पूर्व किनाऱ्यावरच्या एका श्रीमंत संघाला कॅझ हवा होता. बदल्यात ते तीन होतकरू पोरं द्यायला तयार होते, आणि शिवाय चौथा एक, ज्याच्याबद्दल कागदावर लिहिलं होतं, 'खेळाडू, नाव नंतर ठरवू'. असं लिहायची पद्धतच आहे आमच्याकडे. घोडा आत्ता न्या, बदल्यातलं शेवटचं जनावर हिवाळ्यापर्यंत कळवतो, असा तो प्रकार.

मला वाटलं, आता गाव पेटून उठणार. माझाच मूर्खपणा.

जत्रेत कॅझ दरवर्षी टाकीवर बसतो. पाण्याने भरलेली मोठी टाकी, वर एक फळी, फळीवर माणूस, बाजूला लाल चकती. तिकीट काढायचं, त्याचे पैसे चर्चला, आणि चेंडू मारायचा. चकतीला बसला की फळी निसटते आणि माणूस पाण्यात. चर्चचं छप्पर गळतं आणि कॅझ टाकीत पडतो, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललंय. त्या दिवशीही तो अर्ध्या चड्डीत फळीवर पाय हलवत बसला होता. मी शेजारच्याच चुलीवर पिएरोगी, म्हणजे आमच्या बटाटा भरलेल्या करंज्या, लोण्यात परतत होते. पहिला नंबर वॉलीचा. वॉली पिओत्रोस्की, आमचा न्हावी. कॅझचं पहिलं जावळ त्यानेच काढलं असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

वॉलीने चेंडू हातात घेतला आणि टाकलाच नाही.

"कॅझ, राग मानू नकोस हं," तो म्हणाला. "पण कोण कोण मिळतंय ते वाचलंस का तू?"

"चेंडू टाक, वॉली. मागे रांग लागलीय."

"टाकतो रे. पण तो कोल्टन रीव्ह्ज! एकोणीस वर्षांचा आहे. काय वेग आहे त्याच्या चेंडूला! दिसतच नाही."

"मग बघतोस काय त्याच्यात?"

मागून गोर्स्कीबाई पुढे घुसल्या. त्यांच्या हातात फोन होता. "आणि हा योएल बतिस्ता बघ ना! एवढंसं पोर, पण मारतो ते थेट नारळाच्या झाडांच्या वर. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं बाई."

"तुम्ही मला लहानपणापासून बघताय, गोर्स्कीकाकू," कॅझ म्हणाला. "माझं काही बघून कधी पाणी आलं नाही?"

"तुझी गोष्ट वेगळी, राजा. तू घरचाच."

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. कोणी म्हणालं, कॅझ आता पस्तिशीला आला, आत्ताच भाव आहे, पुढच्या वर्षी कोण विचारतंय. हे त्याच्या तोंडावर, तो फळीवर बसलेला असताना. कोणी म्हणालं, त्या तिसऱ्या पोराचे, बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरचे, खांदे काय आहेत. जन्मभर गटारांची झाकणं बसवलेला आमचा चुलत दीर 'मालमत्तेचं मूल्य' वगैरे बोलायला लागला. हे शब्द त्याला हॅल्सीने शिकवले होते, रेडिओवरून. या लोकांनी त्या पोरांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. पण आमच्या माणसांची खोड अशी की जो समोर घाम गाळतोय त्याच्यातल्या खोडी त्यांना तोंडपाठ असतात आणि जो अजून आलाच नाही तो देवदूत असतो.

फादर मारेकसुद्धा आले, हातात बिअरचा ग्लास. "कॅझ, बाळ," ते म्हणाले, "दुसऱ्यांसाठी सोडून देण्यातही एक आनंद असतो."

मला राहवलं नाही. "सोडायचं त्याने आणि आनंद तुम्हाला, होय फादर?"

"बर्निस, तुमचं लोणी करपतंय."

ते खरंच करपत होतं, म्हणून मला आणखी संताप आला.

तेवढ्यात वॉलीने चेंडू मारला आणि नेमका चकतीला लागला. कॅझ धपकन पाण्यात. टाळ्या पडल्या. तो वर आला, केसांतलं पाणी झटकलं, फळीवर चढून बसला. या वेळी पाय हलवत नव्हता.

"म्हणजे मी जावं असं तुम्हाला सगळ्यांनाच वाटतंय," तो म्हणाला.

कोणी हो म्हणालं नाही. 'नाही' तर कोणीच म्हणालं नाही. वॉलीने घसा खाकरला. "असं कसं बोलतोस? अरे, प्रेम आहे म्हणून तर तुझ्याकडे मागतोय. चार-पाच वर्षांनी हीच पोरं आपल्याला अजिंक्यपद देतील. तेव्हा तुझा पुतळा उभारू, मैदानाच्या दारातच."

मी हातातला झारा तसाच घेऊन टाकीपाशी गेले. "कॅझ, सही करू नकोस. यांचं काय ऐकतोस? तुझा हक्क आहे, घट्ट धरून बस."

तो हसला. "धरायला इथे काही नाही गं मावशी. नुसती फळी आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने सही केली. त्याच्या एजंटने त्याला बजावलं होतं म्हणे, एकदा बाहेर पडलास की तुझी सलग पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कॅझने ते कानाआड केलं. ज्यांच्यासाठी राहायचं तेच जा म्हणत होते, मग मोजायचं काय? बायकोला, रोझानला, त्याने इथेच ठेवलं. मोसम संपला की परत येतो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो मैदानावरून गाडीत बसून गेला.

हॅल्सीने पत्रकारांना बोलावून सांगितलं की हा पोर्ट ऑल्डनच्या भविष्याचा पहिला दिवस आहे. भविष्याचा पहिला दिवस आमच्याकडे अधूनमधून येतच असतो. दुसरा दिवस मात्र मी कधी पाहिला नाही.

आता त्या देवदूतांचं ऐका. कोल्टन रीव्ह्ज, ज्याचा चेंडू दिसत नव्हता, त्याच्या कोपरातली शीर महिन्याभरात तुटली. शस्त्रक्रिया झाली, आणि हॅल्सी म्हणाला की आता कोपर पूर्वीपेक्षा मजबूत होईल. बतिस्ता बिचारा गुणी पोरगा, पण इथल्या नव्या पोरांच्या खालच्या संघात त्याला वळणारे चेंडू मिळाले, आणि बॅट फिरवून तो स्वतःच गोल फिरू लागला. तिसऱ्याचे, त्या कॅचरचे, खांदे खरंच चांगले होते. एवढे चांगले की हॅल्सीने त्याला लगेच दुसऱ्या संघाला देऊन त्याच्याहून लहान दोन पोरं आणली. त्यांना अजून दाढी फुटायची होती.

म्हणून गावाने सगळी माया चौथ्यावर लावली. ज्याला नाव नव्हतं त्याच्यावर. माझ्या इतक्या आयुष्यात मी या गावाने कोणावर असा जीव टाकलेला पाहिला नाही. त्याचं कोपर तुटत नव्हतं, त्याला वळणारे चेंडू चुकत नव्हते. वॉलीच्या दुकानात रोज नवा अंदाज. तो डावखुरा असणार. नाही, तो उंच असणार. एकाच्या मेव्हण्याने कुठूनसं ऐकलं होतं की तो वीस वर्षांतून एकदा जन्मतो तसला आहे. आणि मग वॉलीने शर्ट छापून आणले. पाठीवर आकडा नाही, आणि जिथे खेळाडूचं आडनाव असतं तिथे लिहिलेलं, 'नाव नंतर ठरवू'. अर्धं गाव ते शर्ट घालून रविवारी प्रार्थनेला येऊन बसायचं. वॉलीच्या आरशावर कॅझचा फोटो होता. तो काढून तिथे त्याने तो शर्ट टांगला.

कॅझ तिकडे जिंकत होता. ऑक्टोबरचे मोठे सामने आले आणि त्या श्रीमंत लोकांनी त्याला पुरेशी विश्रांतीही न देता टाकायला लावलं. आम्ही सगळे वॉलीच्या दुकानातल्या टीव्हीसमोर. "आपला कॅझ! आपला कॅझ!" वॉलीच ओरडत होता, तो शर्ट घालून. शेवटच्या सामन्यात कॅझने चेंडू टाकला आणि उजवा खांदा डाव्या हाताने धरून तो तिथेच खाली बसला. ते जिंकले. अजिंक्य संघातल्या प्रत्येकाला अंगठी देतात, ती त्यालाही मिळाली. हात वर करून ती कॅमेऱ्याला दाखवायची होती, ती त्याने डाव्या हाताने दाखवली.

हिवाळ्यात, बर्फ पडून गेल्यावर, नाव ठरवायची मुदत आली. हॅल्सी टीव्हीवर येणार होता. वॉलीने दुकान बंद करून बिअर आणली, गोर्स्कीबाईंनी केक आणला, केकवर एक प्रश्नचिन्ह. हॅल्सी आला, जाकिटाची चेन वर ओढली आणि म्हणाला, "आम्हाला सांगायला आनंद होतोय की या व्यवहारातला चौथा खेळाडू आहे कॅझ डोम्ब्रोस्की."



"पण कॅझ तर आपण दिला होता," गोर्स्कीबाई म्हणाल्या.

"तोच परत दिलाय त्यांनी," मी म्हणाले. "शेजारणीला पातेलं द्यावं आणि तिने तळ जाळून परत द्यावं, तसा."

हॅल्सी सांगत होता की भावनेलाही मूल्य असतं आणि वर्तुळ पूर्ण झालंय. भावनेचं मूल्य म्हणजे काय ते मला नंतर कळलं. मोसमाची तिकिटं कोणी घेत नव्हतं. वॉलीने आरशावरच्या शर्टाकडे पाहिलं. मग उठून त्याने ड्रॉवरमधून कॅझचा फोटो काढला, बाहीने पुसला आणि परत लावला. शर्ट खाली ठेवला नाही. शेजारी टांगला.

आणि वसंतात कॅझ घरी आला. पहिल्या सामन्याला मैदान ओसंडून वाहत होतं. तो आला आणि सगळे उभे राहिले, बसेचनात. फादर मारेक रुमालाने डोळे पुसत होते. "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, त्याला सोडू नका," आमचा गटारवाला दीर सगळ्यांना सांगत होता, आणि त्याला हटकावं असं कोणालाच वाटलं नाही. कॅझचा जुना वेग गेला होता. पण तो हुशार आहे. हळू टाकायचा, आणखी हळू टाकायचा, बॅटर वाट बघून बघून कंटाळायचे. चारांतले दोन सामने तो जिंकवायचा, म्हणजे बाकी अख्ख्या संघापेक्षा जास्त. आणि सामना संपला की घरी चालत.

"मावशी," तो एकदा कोबी खाता खाता म्हणाला, "या खांद्यात हा एकच उन्हाळा उरलाय. डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय. सप्टेंबरचा शेवटचा सामना इथेच आहे. तो टाकतो आणि संपवतो. रोझानला सांगितलंय, फाटकापाशी उभी राहा, दोघं चालत येऊ."

मी त्याच्या ताटलीत आणखी कोबी वाढला. मला रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

जुलैत जत्रा आली. कॅझ टाकीवर चढला. भिजू नये म्हणून फोन माझ्या एप्रनच्या खिशात ठेवून गेला. मी लोणी टाकलं आणि तो वाजला.

"कॅझ?" हॅल्सीचा आवाज.

"कॅझ टाकीवर बसलाय. मी त्याची मावशी."

"अरे वा, बरं झालं. मॅडम, मला मीटिंगला जायचंय. त्याला एवढंच सांगा, संध्याकाळचं विमान आहे. बाकी सगळं ऑफिसातली मुलगी कळवेल."

"कसलं विमान?"

"पश्चिमेचा एक संघ. त्यांना ऑक्टोबरसाठी अनुभवी हात हवाय. फार सुंदर व्यवहार झालाय."

"त्याने सही केलेली नाही," मी म्हणाले. "त्याच्या सहीशिवाय तुम्हाला त्याला हलवता येत नाही. तो इथला आहे."

"होता, मॅडम. त्याला सलग पाच वर्षं एका संघात लागतात. मध्ये तो दुसऱ्या संघात होता ना. आता आमच्याकडची त्याची मोजणी हिवाळ्यापासून. सही लागत नाही."

"तुम्हीच पाठवलं होतं त्याला!"

"सही त्याची होती," हॅल्सी म्हणाला, अगदी गोड आवाजात, आणि फोन ठेवला.

त्याच क्षणी वॉलीचा चेंडू चकतीला लागला. कॅझ पाण्यात. वर आला तो हसत, टाकीच्या कडेवर कोपरं टेकून. "कोणाचा फोन होता, मावशी?"

मी सांगितलं. हळू सांगायला हवं होतं, पण माझा आवाज चढला होता आणि सगळ्यांनी ऐकलं. अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा थांबला. गोर्स्कीबाईंनी छातीवर क्रूस काढला. कॅझच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं. ते काढून कुठे ठेवावं हे जणू त्याला कळत नव्हतं.

"हरामखोर!" गटारवाला दीर ओरडला. "एवढी वर्षं दिलेल्या माणसाला असं फेकतात?"

"देव बघतोय," फादर मारेक म्हणाले.

"मैदानापुढे जाऊन बसू या," कोणीतरी म्हणालं. "सगळे. आत्ता." आणि खरंच लोक हलायला लागले, खुर्च्या सरकल्या. माझ्या मनात आलं, चला, एकदाची शुद्ध आली.

वॉली जागचा हलला नाही. त्याने कान खाजवला.

"नाही, म्हणजे, अन्यायच आहे," तो म्हणाला. "पण बदल्यात कोण मिळालं?"

त्याने स्वतःच फोन काढून शोधलं. "सापडलं. एकच आहे. अठरा वर्षांचा. डावखुरा." मग त्याचा आवाज बदलला. "अरे बाप रे. हा बघा, हा व्हिडिओ बघा."

"बघू," गोर्स्कीबाई म्हणाल्या.

खुर्च्या परत सरकल्या. एकेक करून सगळे वॉलीभोवती जमले, माना खाली, नजरा फोनवर. फादर मारेक चष्मा शोधत होते.

कॅझ पुन्हा फळीवर चढून बसला होता. "कोणाचा नंबर आहे?" त्याने विचारलं. कोणी वर बघितलं नाही. त्याने थोडी वाट पाहिली. मग टाकीवरून उतरला, पायांखाली पाण्याचे ओघळ. वॉलीच्या बगलेत एक चेंडू दाबलेला होता, तो त्याने हळूच काढून घेतला. वॉलीला पत्ताही लागला नाही. दहा-बारा पावलं मागे गेला, त्या दुखऱ्या खांद्याने हात मागे नेला आणि टाकला. चेंडू चकतीच्या मधोमध बसला. फळी मोठ्याने आपटून खाली गेली, टाकीतलं पाणी नुसतं हललं.

मग त्याने माझ्या खांद्यावरचा टॉवेल घेतला, माझ्या गालाला ओला हात लावला आणि ओल्या कपड्यांनी घराकडे चालू लागला.

फळीच्या आवाजाने वॉली दचकला. पण मान काही त्याने वर केली नाही.

"कोण पडलं?" त्याने विचारलं.